जो प्रश्न पेटीवर नव्हता

बोटीत चढण्याआधी एक ओझं भाऊच्या धक्क्यावरच उतरवून ठेवा: पुढे काय झालं, ते तुम्हाला ठाऊक असणं. १ मे १९६० ही तारीख तुम्ही ऐकलेली नाही. महाराष्ट्र नावाचं राज्य नकाशावर नाही. साल १९५७, फेब्रुवारीची अखेर. तुम्ही राहता त्या राज्याचं नाव मुंबई. ते कच्छच्या रणापासून चांद्याच्या जंगलापर्यंत पसरलंय आणि त्याला जन्मून अजून चार महिने झाले नाहीत. १ नोव्हेंबर १९५६ ला दिल्लीनं मराठी आणि गुजराती मुलूख एकत्र बांधून हे द्विभाषिक उभं केलं. ते टिकेल, मोडेल की शंभर वर्षं चालेल, हे डेकवर पसरलेल्या या वळकट्या-ट्रंकांमधल्या कोणालाच माहीत नाही. आता तुम्हालाही नाही.

शेजारी गिरणीतला एक बदली कामगार उकिडवा बसलाय. हातात ‘मराठा’. आचार्य अत्र्यांनी गेल्या नोव्हेंबरात काढलेला हा पेपर त्यानं इतक्या वेळा वाचलाय की घडीवर कागद फाटायला आलाय. गेल्या वर्षी जानेवारीत गिरणगावात गोळ्या चालल्या, तेव्हा तो चाळीच्या जिन्याखाली बसून होता. शिमगा तोंडावर आलाय म्हणून गावाला निघालाय. मत देणार का, असं तुम्ही विचारता.

‘‘माजा मत मुंबैला. हितं आवशीचा न् बायकोचा.’’

एवढं बोलून तो पुन्हा पेपरात डोकं घालतो. पण निम्मं कोकण त्यानं तुम्हाला सांगून टाकलंय. पुरुष गिरणीत, गोदीत, घरगड्याच्या कामावर. मागे भात, नाचणी, म्हातारी माणसं आणि दर महिन्याची मनिऑर्डर. मुंबई कोणाची, हा प्रश्न दिल्लीत नकाशावर बोट ठेवून सोडवता येतो. रत्नागिरीत तो पोस्टमनच्या पिशवीतून घरी येतो.

सकाळी बोट रत्नागिरीच्या किनाऱ्यापासून लांबच थांबते. पडाव येतात, बायका-पोरं, गाठोडी खाली उतरतात, आणि तुम्ही आंब्याच्या मोहोराच्या वासात धक्क्यावर पाय ठेवता.

गावात पहिलं जायचं ते नगर वाचनालयात. १८२८ सालची संस्था. इथं पेपर वाचायला येणारा माणूस पेपर वाचून गप्प घरी जात नाही. आज लांब टेबलाभोवती चौघं जमलीत.

वकीलसाहेब काँग्रेसचे. बेचाळीसला तुरुंगात जाऊन आलेले, खादी जाडीभरडी. त्यांचं म्हणणं ऐकताना घाई करू नका. ‘‘फाळणी होऊन दहा वर्षं झाली नाहीत. संस्थानं एकेक करून देशात आणली, त्याची शाई वाळली नाही. आणि आपण काय करतोय? एका राज्यातून बाहेर पडायचं म्हणून रस्त्यावर उतरतोय. संसदेनं बहुमतानं ठरवलं. ते मानायचं नसेल, तर लोकशाही म्हणजे काय ते तरी सांगा.’’

‘‘बहुमत कोणाचं, वकीलसाहेब?’’ हायस्कूलचे मास्तर चष्मा काढून पुसतात. ‘‘मद्रास, बंगाल, उत्तर प्रदेशच्या खासदारांनी हात वर केले आणि माझं राज्य ठरलं. मला कधी कोणी विचारलं?’’

मास्तर मग वर्षभरातले नकाशे बोटांवर मोजतात. ऑक्टोबर १९५५ मध्ये राज्य पुनर्रचनेच्या फाजल अली आयोगाचा अहवाल बाहेर आला: विदर्भ वगळून द्विभाषिक. नोव्हेंबरात काँग्रेसनं तोडगा काढला: महाराष्ट्र, गुजरात आणि मुंबई शहर, अशी तीन राज्यं. १६ जानेवारी १९५६ ला नेहरूंनी रेडिओवरून सांगितलं, मुंबई केंद्राच्या ताब्यात. ऑगस्टात चौथा नकाशा, विदर्भासकट महाद्विभाषिक. बाजूचा कुलाबा ज्यांना निवडून देतो ते चिंतामणराव देशमुख देशाचे अर्थमंत्री. मुंबईचा निर्णय मंत्रिमंडळापुढे नीट आलाच नाही, असा आरोप करून तेही गेल्या जुलैत बाहेर पडले. ‘‘म्हणजे,’’ मास्तर म्हणतात, ‘‘अर्थमंत्र्याला विचारलं नाही, मग रत्नागिरीच्या मास्तराला कोण विचारतो?’’

वकीलसाहेब घटनेचं पुस्तक काढतात. कलम ३. राज्यं जोडायची, तोडायची, त्यांच्या सीमा हलवायच्या, हा अधिकार संसदेचा. राज्याच्या विधिमंडळाकडे विधेयक मतासाठी पाठवायचं. डिसेंबर १९५५ च्या दुरुस्तीनं ते मत किती मुदतीत द्यायचं तेही ठरलं. ‘‘मत कळवायचं,’’ मास्तर म्हणतात, ‘‘ते मानायचं असं कुठं लिहिलंय?’’ कुठंच नाही. दोघांनाही ते माहीत आहे. वकीलसाहेबांना त्यातच देशाची शाश्वती दिसते: ज्याला त्याला आपापल्या मतानं बाहेर पडता आलं, तर संघराज्य राहायचं कसं? मास्तरांना त्यातच अन्याय दिसतो. कलम तेच, ओळ तीच.

तुम्ही मनानं मास्तरांकडे झुकता. मराठी माणूस आहात, हे साहजिक आहे. एवढ्यात तिसरे बोलतात. धनजी नाक्याजवळ कापडाचं दुकान, तीन पिढ्या इथंच, घरात गुजराती, गल्ल्यावर मराठी.

‘‘मास्तर, तुमची सभा संपली की तुम्ही घरी जाता. मी परत जाऊन दुकानाला दुसरं कुलूप लावतो.’’

टेबल गप्प होतं. गेल्या जानेवारीत मुंबईत गुजराती दुकानं फुटली, लुटली गेली, हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे. पोलिसांच्या गोळीनं मेलेल्यांची नावं पाठ असलेल्या मास्तरांनाही ठाऊक आहे. शेठ पुढे म्हणतात, ‘‘आणि गंमत सांगू? अमदावादचा माझा साडू म्हणतो, हे राज्य आम्हालाही नको.’’ खरं आहे. गेल्या ऑगस्टात अहमदाबादेत काँग्रेस हाऊससमोर विद्यार्थ्यांवर गोळ्या चालल्या, इंदुलाल याज्ञिकांची महागुजरात चळवळ पेटली. दोन्ही बाजूंना नको असलेलं राज्य दोघांच्या ऐक्यासाठी चाललंय.

चौथा वयानं लहान. मंडणगड तालुक्यातला, बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे त्याच तालुक्यात. बाबासाहेबांना जाऊन तीन महिने होताहेत. भाषिक राज्यांवरची त्यांची पुस्तिका १९५५ च्या अखेरीस आली, ती त्याच्या पिशवीत आहे. तो ती उघडत नाही, पाठ असल्यासारखा सांगतो. एका राज्यात एक भाषा असावी हे बाबासाहेबांना मान्य. पण एका भाषेच्या सगळ्या लोकांचं मिळून एकच राज्य असावं, हे मान्य नाही. मराठी मुलखाची चार राज्यं करा, मुंबईचं शहरराज्य त्यांतलं एक. कारण राज्य जितकं मोठं, तितकी त्यातल्या मोठ्या जातीची संख्या दांडगी, आणि गावकुसाबाहेरचा माणूस तितकाच एकटा. हेच बाबासाहेब १९४८ साली भाषिक प्रांतांच्या दार आयोगाला मुंबईसह महाराष्ट्र द्या म्हणाले होते, याची मास्तर आठवण करून देतात.

‘‘हो, त्यांनी मत बदललं,’’ तो म्हणतो. ‘‘आमचं शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीत आहे. मीही समितीलाच मत देईन. पण तुमचं राज्य झाल्यावर त्यात माझं काय, हे मला आत्ताच विचारायचंय. नंतर विचारलं तर म्हणाल, आता कशाला?’’

वाचनालयातून बाहेर पडताना तुमच्या लक्षात येतं: या चौघांपैकी दोघं समितीचे, पण त्यांचा प्रश्न एक नाही. आणि ज्याला सगळ्यात जास्त भीती आहे, त्याला त्या भीतीसाठी मत टाकायची पेटीच नाही.

रात्री सभा आहे. गॅसबत्त्यांचा फसफसणारा उजेड, ढोलकी, शाहीर. एका कोपऱ्यात लाल बावटा, दुसऱ्यात भगवा. ६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली, तेव्हापासून एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे एका व्यासपीठावर बसतात. एस. एम. जोशी आणि डांगे, अत्रे आणि प्रबोधनकार. या निवडणुकीत जनसंघही त्यांच्याबरोबर आहे. दक्षिणेला राजापूर मतदारसंघात प्रजासमाजवादी नाथ पै फिरताहेत, वेंगुर्ल्यात जन्मलेला तरुण बॅरिस्टर. आणि रत्नागिरीच्या लोकसभेच्या जागेवर समितीच्या बाजूनं उभा असलेला जनसंघाचा उमेदवार कोण? प्रेमजीभाई रणछोडदास आसर.

नाव पुन्हा वाचा. गुजरातपासून वेगळं व्हायचं म्हणून पेटलेल्या जिल्ह्यात मतं मागतोय तो गुजराती वळणाच्या नावाचा माणूस, आणि तोही अशा पक्षाचा, ज्याला तत्त्व म्हणून भाषिक राज्यंच नकोत, सगळा देश एकाच सत्तेखाली हवा. उलट बाजूला, पाच हजार वर्षांतही मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं चौपाटीवर सांगितल्याबद्दल ज्यांच्या नावानं सभेत बोटं मोडली जाताहेत, ते स. का. पाटील मूळचे सावंतवाडीकडचे, कोकणातलेच. भाषेची आणि बाजूची सरळ बेरीज मांडून आला असाल, तर ती इथंच खोडा.

मतदानाच्या दिवशी शाळेच्या पडवीत रांग लागते. रांग बायकांची. पुरुष तुरळक, बहुतेक म्हातारे. तुमच्या पुढे नऊवारीतली एक कुणबीण, काखेला पोर.

‘‘घोव मुंबैत हाय,’’ ती पाठच्या बाईला सांगते. ‘‘मुंबय दुसऱ्या राज्यात गेली तं मनिआर्डर परदेसातनं येयाची काय गो?’’

रांगेत हसू फुटतं. पण कोणी उत्तर देत नाही.

बोटाला शाई लागते. एक रुपयाच्या नोटेएवढी मतपत्रिका हातात येते. तिच्यावर ना उमेदवाराचं नाव, ना शिक्का मारायची जागा. पडद्यामागे जायचं, तिथं प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी मांडलेली, पेटीवर चिकटवलेलं चित्र. काँग्रेसची बैलजोडी. जनसंघाची पणती. तिकडे राजापुरात याच वेळी कोणी प्रजासमाजवाद्यांच्या झोपडीसमोर उभं असेल. हवी ती पेटी निवडायची आणि कागद आत सोडायचा.

तुम्ही कागद हातात धरून उभे राहता आणि एक गोष्ट खटकते. द्विभाषिकात राहायचं की नाही, हे कुठल्याच पेटीवर लिहिलेलं नाही. बैलजोडीत मत टाकणाऱ्याला कदाचित द्विभाषिक नकोच असेल, पण गांधींच्या पक्षाला सोडवत नसेल. पणतीत टाकणाऱ्याचा राग रस्त्यावर, सावकारावर किंवा गावच्या पुढाऱ्यावर असेल. गेली चार वर्षं देश ज्यावरून भांडतोय तो प्रश्न, आणि पाच वर्षं राज्य कोणी करायचं हा प्रश्न, दोन्ही एकाच कागदात गुंडाळून आत पडताहेत. बाहेर आल्यावर कोण कशासाठी काय बोललं, हे त्या पेटीलाही सांगता येणार नाही.

तुम्ही कागद टाकता. कुठल्या पेटीत, हे तुमच्याजवळच ठेवा.

मोजणी होते. रत्नागिरी प्रेमजीभाई आसरांना लोकसभेत पाठवते. त्या वर्षी देशभरातून जनसंघाचे चारच खासदार निवडून आले, त्यांत अटलबिहारी वाजपेयी एक आणि हे दुसरे. राजापुरातून नाथ पै. १९५२ साली याच भागानं आझाद हिंद सेनेतले जनरल जगन्नाथराव भोसले काँग्रेसच्या तिकिटावर निवडले होते. पाच वर्षांत वारं पार फिरलं. पश्चिम महाराष्ट्रभर समितीनं काँग्रेसला धूळ चारली. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण कराडला जेमतेम वाचले.

आणि तरी यशवंतराव मुख्यमंत्री राहतात. द्विभाषिकाच्या ३९६ आमदारांपैकी २३४ काँग्रेसचे. विदर्भ, मराठवाडा आणि गुजरातनं काँग्रेसला तारलं.

आता वाचनालयात परत गेलात तर वकीलसाहेब म्हणतील, पाहा, जनतेनं कौल दिला. मास्तरही म्हणतील, पाहा, जनतेनं कौल दिला. दोघंही खोटं बोलत नसतील. सबंध राज्याच्या रेषेत मोजलं तर राहायचं. पश्चिम महाराष्ट्राच्या रेषेत मोजलं तर जायचं. मतं मोजण्याआधी एक निर्णय झालेला असतो, कोणाला मोजायचं. तो निर्णय मतानं होत नाही. लोकशाहीतलं अवघड गणित तिथं आहे, आणि ते पुस्तकांच्या शेवटी उत्तरांत छापलेलं नाही.

संध्याकाळी टेकडीवर थिबा राजवाड्याकडे चालत जा. खाली भाट्याची खाडी, पुढे समुद्र. इंग्रजांनी ब्रह्मदेश जिंकला आणि १८८६ साली तो देश हिंदुस्थानचा एक प्रांत करून टाकला. ज्याचं राज्य गेलं त्या थिबाला त्याच वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं. हा वाडा १९१० चा. राजा १९१६ मध्ये इथंच वारला. तो गेल्यावर सोळा वर्षांनी त्याच्या देशात हाच प्रश्न निवडणुकीत उतरला: हिंदुस्थानपासून वेगळं व्हायचं का? १९३२ च्या त्या निवडणुकीत वेगळं व्हायला विरोध करणारे जिंकले. त्यांतल्या बऱ्याच जणांना कायमचं एकत्र राहायचंही नव्हतं. वेगळं पडलो तर सुधारणांच्या बाबतीत इंग्रज आपल्याला मागे ठेवतील, ही धास्ती होती. जिंकून आलेल्या कौन्सिलला एकमुखी उत्तर देता आलं नाही आणि १ एप्रिल १९३७ ला लंडननं ब्रह्मदेश वेगळा करून टाकला. जोडताना विचारलं नव्हतं. तोडताना विचारलं, पण उत्तर गुंत्याचं आलं, तेव्हा साहेबानं आपल्याला हवं ते केलं. वेगळं होणं मिळालं म्हणजे लोकांचं ऐकलं गेलं, असं नसतं. या वाड्याच्या व्हरांड्यात ते लवकर पटतं.

आता तीन वर्षं पुढे सरका. या तीन वर्षांत सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मोर्चे नाहीत. मोर्चे झाले, नोव्हेंबर १९५७ मध्ये नेहरू प्रतापगडावर शिवरायांच्या पुतळ्याच्या अनावरणाला आले तेव्हा वाटेवर हजारोंनी निदर्शनं केली. पण कायद्यानं काँग्रेसला हलायची गरज नव्हती. २३४ आमदार होते, दिल्ली होती, कलम ३ होतं. तरी ती हलली. इंदिरा गांधी १९५९ मध्ये काँग्रेसच्या अध्यक्ष असताना द्विभाषिकाचा फेरविचार सुरू झाला, यशवंतरावांनी दिल्लीला पटवलं, आणि जिंकलेल्या पक्षानं हरलेल्या भागाची मतं नीट वाचली. १ मे १९६० ला दोन राज्यं झाली. त्यात मतांची भीती होती, राजकारण होतं; असेना का. बहुमत खिशात असूनही ज्यांना आपण हरवलं त्यांचं म्हणणं खरं असू शकेल असं मानणं, हे कुठल्याही घटनेत सक्तीचं नाही. पण त्याशिवाय घटना चालत नाही. ही समज यायच्या आधी शंभरावर माणसं मेली होती, हा त्या हिशेबातला न फिटणारा आकडा.

आणखी सात वर्षं पुढे. १६ जानेवारी १९६७. रत्नागिरी जिल्हा अजून अखंड आहे, सिंधुदुर्ग व्हायला चौदा वर्षं अवकाश. त्याच्या दक्षिण टोकाला बांद्याहून पलीकडे गोव्यात चला. आज तिथं मतदान आहे, आणि ते वेगळ्याच तऱ्हेचं. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीन व्हायचं. दोन पानं म्हणजे केंद्रशासित राहायचं. उमेदवार नाही, पक्ष नाही. १९५७ साली जो प्रश्न पेटीवर नव्हता, तो इथं सरळ कागदावर आहे. सत्तेचा दाब नको म्हणून मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांचं सरकार आधीच पायउतार झालंय. खुद्द बांदोडकर विलीनीकरणाचे कट्टर पुरस्कर्ते.

दोन पानांना १,७२,१९१. फुलाला १,३८,१७०. दहा वर्षांपूर्वी ‘आम्हाला कोणी विचारलं?’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला शेजाऱ्यानं, विचारल्यावर, नाही म्हणून सांगितलं.

गंमत त्यानंतरची. दोनच महिन्यांत गोव्याच्या विधानसभेची निवडणूक झाली आणि त्याच मतदारांनी बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष पुन्हा सत्तेवर बसवला. विलीनीकरण नको, पण सरकार तुमचंच चालेल. दोन प्रश्न वेगवेगळे विचारले तेव्हा लोकांनी दोन वेगवेगळी उत्तरं दिली. आणि बांदोडकरांनी, ज्या गोव्याचं वेगळेपण त्यांना नको होतं, त्याच गोव्याचा कारभार हाकला.

म्हणजे प्रश्न सुटा करून लोकांपुढे ठेवला की झालं? तसंही नाही. ब्रिटननं २०१६ मध्ये युरोपीय संघाबाबत सुटा प्रश्न विचारला, ५१.९ टक्के म्हणाले, बाहेर पडू. कसं पडायचं हे कागदावर नव्हतं, म्हणून त्यांची संसद साडेतीन वर्षं भांडत बसली. आणि स्कॉटलंडमध्ये ६२ टक्के राहू म्हणाले होते. कोणाला मोजायचं, हा रत्नागिरीचा जुना प्रश्न तिथंही वर आलाच.

आता परत या, तुमच्या काळात, तुमच्या गावात. मागे ठेवलेली माहिती उचला: महाराष्ट्र झाला, चांगला झाला, त्याचा अभिमान वाटतो. वाटू द्या. पण १९५७ च्या निकालाची दुसरी बाजूही सोबत घ्या. द्विभाषिक ज्यांच्या मतांनी तगलं त्यांत विदर्भ होता. फाजल अली आयोगानं वेगळं विदर्भ राज्य सुचवलं होतं. ते झालं नाही. विदर्भाला कोणी सुटा प्रश्न विचारला नाही. १९६२ मध्ये नागपूरनं स्वतंत्र विदर्भाचा आग्रह धरणाऱ्या बापूजी अण्यांना अपक्ष म्हणून लोकसभेत पाठवलं, आणि ती मागणी आजही दर हिवाळी अधिवेशनात नागपुरात ऐकू येते. त्यावर आपण काय म्हणतो? राज्य फोडायचं नाही. बहुमत नाही. हे पुढाऱ्यांचं खूळ. जुन्या वकीलसाहेबांची सगळी वाक्यं आता आपल्या तोंडात आहेत.

विदर्भानं जावं की राहावं, हे मी सांगत नाही; तिथं राहायचं ठरवणारेही पुष्कळ आहेत, आणि उद्या नागपूर राजधानी झाली तर गडचिरोलीचा आदिवासी मंडणगडच्या त्या पोरासारखं विचारेल, यात माझं काय. पण बाहेर पडणाऱ्यानं आत मागे राहणाऱ्या अल्पसंख्याकाची हमी आधी द्यावी, रोखणाऱ्यानं आपलं बहुमत कुठल्या रेषेत मोजलंय ते उघड सांगावं, आणि हरणाऱ्याला तोच प्रश्न पुन्हा विचारायची वाट बंद होऊ नये, ही तीन मापं रत्नागिरीनं महाराष्ट्र मिळवताना दिल्लीला लावली होती, निदान लावायला हवी होती. मुंबईसाठी ती न्याय्य असतील, तर मुंबईविरुद्धही तितकीच न्याय्य आहेत.